खिशातल्या दोन म्युझिक प्लेअरची तुलना: मीटर लावून, डोळे झाकून

दोन प्लेअर शेजारी ठेवून आलटून पालटून ऐकले, की त्यातला एक लगेच सरस वाटायला लागतो. डग्गा भरीव वाटतो, गळा मोकळा वाटतो, झांजेची धार स्पष्ट येते. पण बहुतेक वेळा तो प्लेअर दुसऱ्यापेक्षा जरासा मोठ्याने वाजत असतो, एवढंच. आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्जातले आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की ती दोन्ही टोकं वर येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली याचे आलेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तरीही तुलना करताना तीच सगळ्यात आधी विसरली जाते. फरक अर्ध्या डेसिबलचा असेल तर ‘हा मोठा वाजतोय’ असं कुणीच म्हणत नाही, ‘हा जास्त चांगला वाजतोय’ असंच म्हणतात.

म्हणून या लेखातला सगळ्यात मोठा भाग आवाजाची पातळी जुळवण्याचा आहे. ते एक काम नीट केलं आणि बाकी सगळं ढोबळ झालं तरी तुलना उपयोगी पडते. ते राहिलं, तर पुढची सगळी मेहनत फुकट.

सामान

व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लागतो, पण कुठलाही चालत नाही. सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरवर एसी व्होल्टेजच्या २०० आणि ७५० अशा दोनच रेंज असतात. त्यावर प्लेअरचे ५० मिलिव्होल्ट शून्यच दिसतात. विकत घेण्याआधी डायलवर किंवा माहितीपत्रकात एसी मिलिव्होल्टची रेंज आहे का ते बघा आणि ०.१ मिलिव्होल्टपर्यंत आकडा दाखवणारा मीटर घ्या. त्याचा आकडा अगदी अचूक नसला तरी हरकत नाही. दोन्ही प्लेअर त्याच मीटरने मोजायचे आहेत, त्यामुळे त्याची चूक दोन्हीकडे सारखीच राहते.

त्याशिवाय ३.५ मिलिमीटरचा एक वाय-स्प्लिटर (एका जॅकचे दोन करणारा), मध्येच कापून तारा उघड्या करता येतील अशी एक जुनी ऑक्स केबल आणि ३३ ओहमचे पाव वॅटचे दोन रेझिस्टर घ्या. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. इअरफोन मात्र तुम्ही रोज वापरता तोच घ्या. तुलना कधीच नुसत्या प्लेअरची नसते, प्लेअर आणि इअरफोन या जोडीची असते. मित्राच्या हेडफोनवर केलेला निवाडा तुमच्या इअरफोनला लागू होईलच असं नाही.

ऑक्स केबलच्या पिनवर टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्याला उजवा आणि मुळाशी ग्राउंड असतो. माइकवाल्या चार भागांच्या पिनमध्ये हा क्रम बदलतो. आजच्या बहुतेक फोनमध्ये टोकाकडून तिसरा भाग ग्राउंडचा आणि मुळाचा भाग माइकचा असतो. तीन भागांची आणि चार भागांची जोडणी एकत्र केली की कधी एकच बाजू वाजते, तर कधी गायकाचा आवाज पोकळ होऊन लांब जातो. ग्राउंड नीट न जोडल्याची ही खूण आहे. त्यासाठी प्लेअरला दोष देऊ नका.

दोन्हीकडे एकच फाइल, सगळी सजावट बंद

गाण्याची फाइल दोन्ही प्लेअरमध्ये हुबेहूब तीच हवी. सीडीवरून फ्लॅक किंवा वेव्ह (मूळ आवाज जसाच्या तसा ठेवणारे फाइलचे प्रकार) करून घ्या आणि तीच दोन्हीकडे कॉपी करा. एकीकडे स्ट्रीमिंग ॲप आणि दुसरीकडे स्वतःची फाइल अशी तुलना करू नका. ॲप स्वतः आवाजाची पातळी बदलतं, नेट मंद झालं की दर्जा खाली आणतं, शिवाय त्याच गाण्याची वेगळी मास्टर केलेली आवृत्ती वाजवत असण्याची शक्यताही असते.

मग सेटिंग एकेक करून तपासा. इक्वलायझर, बास बूस्ट, डॉल्बी, सराउंड, रिप्लेगेन किंवा साउंड चेक (सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय), क्रॉसफेड, व्हॉल्यूम लिमिट हे सगळं बंद करा. ‘फ्लॅट’ ठेवलेला इक्वलायझर आणि बंद केलेला इक्वलायझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही प्लेअर इक्वलायझर चालू होताच आवाज फाटू नये म्हणून पातळी काही डेसिबल खाली घेतात. फोनवर ॲपच्या सेटिंगबरोबर फोनच्या मूळ सेटिंगमध्येही बघा, डॉल्बी बऱ्याचदा तिथे चालू राहिलेलं असतं. प्लेअरवर गेनचा हाय-लो पर्याय असेल तर इअरफोनसाठी लो ठेवा आणि मोजणी संपेपर्यंत त्याला हात लावू नका. दोन्ही प्लेअर बॅटरीवर चालवा. चार्जर लावला की गुणगुण शिरायची शक्यता असते.

पातळी जुळवणं

ऑडॅसिटी या संगणकावरच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ३०० हर्ट्झची साइन लहर, म्हणजे एकाच सुराचा सलग टोन, तयार करा. लांबी एक मिनिट, ॲम्प्लिट्यूड ०.७, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट वेव्ह. ३०० हर्ट्झच का, ते सांगतो. स्वस्त मीटर साधारण ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाहीत, म्हणून नेहमीचा १००० हर्ट्झचा टोन इथे टाळायचा. दुसरीकडे ५० आणि १०० हर्ट्झला घरातल्या विजेची गुणगुण मोजणीत मिसळते. मधली जागा सुरक्षित आहे.

आता प्लेअरमध्ये स्प्लिटर लावा. त्याच्या एका बाजूला इअरफोन आणि दुसऱ्या बाजूला कापलेली ऑक्स केबल. मीटरची एक सळई डाव्या चॅनलच्या तारेला, दुसरी ग्राउंडला. तारा एकमेकींना चिकटू देऊ नका. इअरफोन जोडलेला हवा पण कानात नको. इतका वेळ सलग चाललेला टोन कानाला त्रास देतो. इअरफोन जोडून मोजण्याचं कारण असं की त्याचा भार पडल्यावर काही प्लेअरचं व्होल्टेज खाली येतं, काहींचं जवळजवळ तेवढंच राहतं. मोकळ्या जॅकवर जुळवलेली पातळी इअरफोन लावताच बिघडते.

आधी ज्या प्लेअरच्या व्हॉल्यूमच्या पायऱ्या मोठ्या आहेत तो घ्या, बहुधा तो फोन असेल. गाणं लावून नेहमी ऐकता त्या पातळीवर आणा, मग टोन वाजवून व्होल्टेज लिहून ठेवा. उजवा चॅनलही मोजा. समजा ५०.० मिलिव्होल्ट आले. आता दुसऱ्या प्लेअरचा व्हॉल्यूम याच्या जास्तीत जास्त जवळ आणा. बरोबर ५०.० सहसा मिळत नाही, ५२.० वर अडकतं. हा ४ टक्क्यांचा फरक म्हणजे ०.३४ डेसिबल. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून इथेच थांबायचा मोह होतो, पण थांबू नका. आपलं ध्येय ०.१ डेसिबल आहे, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: २ टक्क्यांना ०.१७ डेसिबल, ५ टक्क्यांना ०.४२, १० टक्क्यांना ०.८३. नेमका आकडा हवा असेल तर मोठ्या व्होल्टेजला लहान व्होल्टेजने भागा, त्याचा १० पायाचा लॉग घ्या आणि २० ने गुणा.

उरलेला फरक बटणांनी मिटत नाही, तो फाइलमध्ये मिटवायचा. जास्त जोरात वाजणाऱ्या प्लेअरसाठी गाण्यांची वेगळी प्रत करा. ऑडॅसिटीत ॲम्प्लिफाय उघडून उणे ०.३४ घाला आणि २४ बिटमध्ये एक्स्पोर्ट करा. टोनचीही तशीच प्रत करून पुन्हा मोजा, दोन्ही आकडे आता टक्क्याच्या आत यायला हवेत. व्हॉल्यूमचा आकडा कागदावर लिहा, कारण खिशात ठेवताना बटण दाबलं जातं आणि कळतही नाही.

इथेच एक दोष हाती लागू शकतो. एका प्लेअरचा डावा-उजवा फरक ५-१० टक्के निघाला, तर तो तसाच ऐकूही येईल, गायक मधून थोडा बाजूला सरकेल. गोल फिरवायच्या ॲनालॉग व्हॉल्यूममध्ये हे अगदी हळू पातळीवर जास्त आढळतं.

एकावरून दुसऱ्यावर जाणं

सूक्ष्म फरक कानाच्या आठवणीत फार वेळ टिकत नाही. इअरफोनची पिन काढून दुसऱ्यात घालायला पाच-दहा सेकंद जातात, तेवढ्यात तो निसटतो. शक्य असेल तर दोन इनपुट आणि एक आउटपुट असलेला स्विच-बॉक्स बनवा. डावा, उजवा आणि ग्राउंड तिन्ही एकदम बदलायचे, म्हणून तीन पोल आणि दोन बाजूंचा स्विच घ्या. गिटारच्या पेडलमध्ये असतो तो चालतो. तारा आखूड आणि जाड ठेवा आणि बॉक्स जोडल्यावर पातळी पुन्हा मोजा. हे सगळं फक्त ३.५ मिलिमीटरच्या साध्या जॅकसाठी आहे. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकमध्ये दोन्ही चॅनलच्या उणे तारा स्वतंत्र असतात. त्या एकत्र जोडल्या तर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

स्विच बदलताना इअरफोन कानातून काढू नका. कानात बसणाऱ्या इअरफोनचा रबरी टिप जरा सैल झाला की खालचा आवाज गळून जातो, आणि तो फरक कुठल्याही दोन प्लेअरमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

काय ऐकायचं

पूर्ण गाणं ऐकू नका. १०-१५ सेकंदांचा तुकडा निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा ऐका. आपल्या संगीतात यासाठी उत्तम साहित्य आहे. आलापाच्या सुरुवातीचा नुसता तानपुरा घ्या, त्यामागे प्लेअरचा ‘सूऽऽ’ आवाज असेल तर तिथे उघडा पडतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाज आणि ढोल खालच्या टोकासाठी. टाळ, झांजा, चिपळ्या वरच्या टोकासाठी. गायकाचे ‘स’ आणि ‘श’ मधल्या-वरच्या भागातला अगदी छोटा चढउतारही दाखवतात. ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं मनाला कितीही प्रिय असली तरी या कामाला घेऊ नका. त्यात वरचे सूर मुळातच फारसे उतरलेले नाहीत आणि तबकडीची खरखर प्लेअरचा आवाज झाकून टाकते.

डोळे झाकून

कुठला प्लेअर वाजतोय हे माहीत असेल तर किंमत, दिसणं आणि कुठेतरी वाचलेली मतंही सोबत ऐकू येतात. हे कुणाचंच टळत नाही, जाणकाराचंही नाही. म्हणून एक मदतनीस बसवा. तो तुमच्या पाठीमागे बसेल, स्विच त्याच्या हातात असेल. आधी तो ‘हा अ’, ‘हा ब’ असं सांगून दोन्ही ऐकवेल. मग नाणं उडवून छापा आला तर अ आणि काटा आला तर ब, असा एक लावून ‘हा क्ष’ म्हणेल. क्ष अ आहे की ब, हे तुम्ही सांगायचं. मधे हवं तितक्या वेळा अ आणि ब पुन्हा मागता येतील. उत्तर बरोबर की चूक हे त्याने शेवटपर्यंत सांगायचं नाही.

अशा १६ फेऱ्या करा. त्यात १२ किंवा जास्त बरोबर आली, तर फरक खरोखर ऐकू येतोय असं मानायला हरकत नाही. नुसत्या नशिबाने १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के असते. १० फेऱ्यांत ८ पुरेशी वाटतात, पण तिथे नशिबाची शक्यता साडेपाच टक्के आहे. फेऱ्या किती ते सुरुवातीलाच ठरवा. ‘आता बरोबर उत्तरं जास्त झालीत, थांबू’ असं केलं की चाचणी बाद.

चाचणी बिघडवणाऱ्या खुणा छोट्या असतात. एका प्लेअरवर स्विच पडताना ‘टक्’ होतं. दुसऱ्यात गाणं अर्धा सेकंद मागे चालू असतं. मदतनीस एका बाजूला जाताना जास्त हलतो. दोन्ही प्लेअर एकाच वेळी सुरू करून चालू ठेवता येतात, पण त्यांची घड्याळं किंचित वेगळ्या गतीने चालतात, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकत्र सुरू करा. ते साधत नसेल तर प्रत्येक वेळी तुकडा सुरुवातीपासून लावा. अर्ध्या तासाने कान थकतो, ८ फेऱ्यांनंतर विश्रांती घ्या.

सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या फाइलबद्दलही याच पद्धतीने ठरवा. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये २००७ साली आलेल्या एका प्रयोगात उच्च दर्जाचा आवाज आणि तोच १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झमधून, म्हणजे सीडीच्या दर्जातून, काढलेला आवाज अशा ५५४ झाकलेल्या चाचण्या झाल्या. बरोबर उत्तरं निम्मी निघाली, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. त्यामुळे प्लेअर घेताना ‘३२ बिट’, ‘७६८ किलोहर्ट्झ’ या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ते पैसे इअरफोनवर खर्च करा.

फरक निघाला, तर तो कुठून आला

पहिला संशय आउटपुट इम्पीडन्सवर घ्या, म्हणजे प्लेअरच्या आत, जॅकच्या मागे असलेल्या रोधावर. बारीक पाइपवर एक नळ सोडला की दाब पडतो, तसंच इथे होतं. इअरफोनचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो. जिथे तो कमी, तिथे इअरफोनला मिळणारं व्होल्टेज जास्त खाली येतं. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेला एखादा इअरफोन कुठे १० ओहम तर कुठे ४० ओहम असेल आणि प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स ५ ओहम असेल, तर या दोन जागांमध्ये २.५ डेसिबलचा चढउतार आपोआप तयार होतो. कुणी इक्वलायझर फिरवल्यासारखंच ते आहे आणि झाकलेल्या चाचणीत सहज पकडलं जातं. तोच इम्पीडन्स ०.५ ओहम असेल तर चढउतार ०.३ डेसिबलवर येतो.

मोजणं सोपं आहे. टोन लावा, इअरफोन काढा, मोकळं व्होल्टेज वाचा. मग डावा चॅनल आणि ग्राउंड यांच्यात ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा वाचा. दोन्ही आकड्यांमधला फरक दुसऱ्या आकड्याने भागा आणि ३३ ने गुणा. आधी २०० मिलिव्होल्ट आणि रेझिस्टर लावल्यावर १८८ आले, तर १२ भागिले १८८ गुणिले ३३, म्हणजे २.१ ओहम. हा आकडा इअरफोनच्या सगळ्यात कमी रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमपर्यंत ठीक. काही फोन जोडलेल्या हेडफोनचा रोध ओळखून स्वतःच पातळी बदलतात, तिथे हे गणित चुकतं. एलजीच्या व्ही मालिकेतले फोन त्यातलेच.

दुसरा संशय खालच्या सुरांवर. जुन्या काही प्लेअरमध्ये आउटपुटला कपॅसिटर असतो. तो २२० मायक्रोफॅरडचा असेल आणि इअरफोन १६ ओहमचा, तर ४५ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो. ३२ ओहमचा हेडफोन लावला की ती जागा २३ हर्ट्झच्या आसपास जाते. म्हणजे एकाच प्लेअरबद्दल ‘बास नाही’ आणि ‘बास छान आहे’ ही दोन्ही मतं खरी असू शकतात.

ताकद कमी पडते का तेही रेझिस्टर लावूनच बघा. ३३ ओहमवर टोन चालू ठेवून व्हॉल्यूमची एकेक पायरी वाढवत व्होल्टेज लिहा. शेवटच्या पायऱ्यांवर आकडा आधीच्या प्रमाणात वाढेनासा झाला, की तिथे आवाज फाटायला लागला आहे. २ व्होल्टपर्यंत पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. ॲपलचा यूएसबी-सी अडॅप्टर साधारण १ व्होल्ट देतो, पण तोच अनेक अँड्रॉइड फोनवर खूप हळू वाजतो, कारण फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. अशा वेळी अडॅप्टर खराब समजून फेकू नका, यूएसबीशी थेट बोलणारं प्लेअर ॲप वापरून बघा.

ब्लूटूथवर ऐकत असाल तर यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. तिथे आकड्यांचा आवाज करण्याचं काम हेडफोनच्या आत होतं, प्लेअरची चिप आणि जॅक दोन्ही बाजूला राहतात. प्लेअर कुठला कोडेक (आवाज आकसून पाठवायची पद्धत) वापरतो एवढंच बघायचं उरतं.

दुकानात मीटर नसताना

पातळी जुळवता येत नसेल तर ‘कुठला गोड वाजतो’ हे ठरवायला जाऊ नका, तिथे कान फसणारच. पातळी न जुळवताही कळतात अशाच गोष्टी तपासा. स्वतःचा इअरफोन आणि घरी बनवलेली एक फाइल मेमरी कार्डवर न्या. फाइल अशी बनवा: ऑडॅसिटीत ०.००१ ॲम्प्लिट्यूडचा व्हाइट नॉइज अर्धा मिनिट घ्या, तो ॲम्प्लिफायने आणखी ५० डेसिबल खाली आणा आणि २४ बिटमध्ये एक्स्पोर्ट करा. हा नॉइज इतका हळू होतो की तो स्वतः ऐकू येत नाही, पण पूर्ण शांत फाइल चालत नाही. ती आली की काही प्लेअर ॲम्प्लिफायरच बंद करतात आणि ‘सूऽऽ’ दडून राहतो. ही फाइल नेहमीच्या व्हॉल्यूमवर लावा, दुकानातला पंखा बंद करायला सांगा आणि दोन्ही कान नीट बंद होतील असा टिप घालून ऐका. सूऽऽ येत असेल तर तो घरी रात्री आलाप ऐकताना नक्की छळेल. मग व्हॉल्यूम अगदी खालच्या दोन पायऱ्यांवर आणून गायक मधोमध राहतो का ते बघा. शेवटी तुमच्या संग्रहातलं सगळ्यात हळू रेकॉर्ड झालेलं गाणं लावा. त्यावर व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशाच्या आत पुरायला हवा.